जांभ्याचा चिखल आणि जाम झालेला बोल्ट

पावसाळ्यात बामणोलीच्या किंवा ठोसेघरच्या बाजूला फिरून आलेली जीप रॅम्पवर चढवावी आणि खाली जाऊन वर पाहावं. सगळं एकाच रंगाचं दिसतं. चासी, पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग), आर्म (चाक चासीला जोडणारे दांडे), शॉकअपची टोकं, सगळ्यांवर जांभ्याच्या लाल चिखलाचा थर चढलेला असतो. जांभ्याला तो रंग लोखंडाच्या ऑक्साइडांमुळे येतो, आणि गंज म्हणजे तरी दुसरं काय. म्हणून आपल्याकडे गंज डोळ्यांसमोर असून दिसत नाही. साध्या पाण्याने आणि नरम ब्रशने खालची बाजू धुवावी, एक दिवस वाळू द्यावी, मग बॅटरी घेऊन बघावं. धुतल्यावरही जो लाल रंग उरतो, तो गाडीचा स्वतःचा.

एकाच सातारा जिल्ह्यात गाड्यांना दोन वेगळी आयुष्यं मिळतात. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये 500 च्या आसपास. जावळी-पाटणच्या वाड्यावस्त्यांवर वडाप (सीट भरून प्रवासी वाहतूक) करणाऱ्या जीपचे सस्पेन्शनचे बोल्ट गंजून जाम होतात. म्हसवड-दहिवडीकडच्या गाडीचे बोल्ट सहसा सुटतात, पण खडीच्या आणि नालीदार रस्त्यांनी तिचे बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं, खाल्लेले असतात. जुनी गाडी विकत घेताना ती कुठल्या बाजूला राबली हे विचारणं कागदपत्रं तपासण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

सस्पेन्शनमधला, म्हणजे आर्म किंवा पाटा चासीला जोडणारा बोल्ट का अडकतो हे कळायचं असेल, तर तो तिथे नेमकं काय करतो हे आधी समजून घ्यायला हवं. पुष्कळांना वाटतं की आर्म बोल्टभोवती फिरतो, दार बिजागरीत फिरतं तसा. रबरी बुशच्या बाबतीत तसं होत नाही. बुशला बाहेर एक लोखंडी कवच असतं, आत एक जाड लोखंडी नळी असते आणि दोघांच्या मध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट त्या आतल्या नळीतून आरपार जातो. नट आवळला की ब्रॅकेटचे दोन कान नळीला दोन्ही टोकांनी चिमटीत धरतात. त्या चिमटीच्या घर्षणामुळे नळी जागची हलत नाही. चाक वर-खाली होतं तेव्हा पिळला जातो तो रबराचा भाग. म्हणजे बोल्टने फिरण्याचं काम करायचंच नसतं. त्याने फक्त दाबून धरायचं असतं. दाब कमी पडला की नळी कानांमध्ये घासू लागते, भोक लंबगोल होत जातं आणि खड्ड्यात ‘टक’ असा आवाज येऊ लागतो. हा आवाज बहुतेक वेळा शॉकअपच्या माथी मारला जातो आणि नवे शॉकअप बसवूनही तो जात नाही.

बोल्टची दांडी आणि नळी यांच्यात केसभर फट असते. कारखान्यातून ती बहुधा कोरडीच येते. चिखलातून जाताना तिथे पाणी शिरतं आणि इतक्या बारीक फटीतून ते लवकर वाळत नाही. गंज तयार होतो, आणि गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्यामुळे तो त्या बंद जागेत पाचरीसारखा बसतो. सर्व्हिसिंगला जास्त दाबाच्या फवाऱ्याने धुलाई होते, तेव्हा बुशच्या तोंडावर नेम धरून मारलेलं पाणी हे काम आणखी सोपं करतं. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचे बोल्टही म्हणूनच अडकलेले निघतात.

अडकलेला म्हणजे कुठे अडकलेला, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर न शोधता घण उचलला की नुकसानीला सुरुवात होते. नट आट्यांवर जाम असेल, तर नटच हलत नाही. नट सुटला पण बोल्ट बाहेर येत नाही, तेव्हा पाना डोक्याला लावून थोडा फिरवावा आणि नजर रबरावर ठेवावी. डोकं फिरताना नळीही फिरली, रबर पिळलं आणि पाना सोडताच सगळं स्प्रिंगसारखं मागे आलं, तर दांडी नळीला धरून बसली आहे. नट न सुटता नुसता गरगर फिरत असेल आणि तो चासीच्या पोकळीत आतून वेल्ड केलेला असेल, तर वेल्ड तुटला आहे. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत.

आट्यांवरचा गंज सगळ्यात सोपा. काम करायच्या दोन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी, गाडी फिरून आल्यावर, तारेच्या ब्रशने आटे साफ करून त्यावर गंज सोडवणारं पातळ तेल मारावं. दिवसभराच्या हादऱ्यांनी ते आत उतरत जातं. स्प्रे मारून पाच मिनिटांनी पाना लावणं म्हणजे तेल वाया घालवणं. गोटी पाना सहा कोनीच घ्यावा. बारा कोनी गोटी कोपऱ्यांवर धरते, आणि एकदा डोकं गोल झालं की पुढचा अर्धा दिवस गेला. पहिला झटका सोडण्याच्या दिशेने देऊ नये, किंचित आवळण्याच्या दिशेने द्यावा. गंजाचा थर फुटल्याचा बारीक कर्र आवाज येतो, मग सोडावं. पाव फेरा सोडला की पुन्हा थोडा आवळावा, तेल टाकावं, पुन्हा सोडावा. ओढून नेलेल्या आट्यांत गंजाचा भुगा अडकतो आणि निम्म्यावर आलेला नट तिथेच कायमचा बसतो.

उष्णता हा पुढचा उपाय. गॅसची ज्योत नटावर धरायची, बोल्टवर नाही, कारण नट फुगायला हवा. लाल झालेला नट जरा काळवंडला की सोडून बघावं. थोडा थंड झाल्यावर आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आत ओढलं जातं, आणि पुष्कळदा तेलाने न हललेला नट मेणाने हलतो. यात तीन गोष्टींना माफी नाही. सस्पेन्शनचे बोल्ट तापवून-विझवून ताकद दिलेले असतात, लाल होईपर्यंत तापलेल्या बोल्टची ती ताकद जाते. असा बोल्ट दिसायला कितीही चांगला असला तरी पुन्हा बसवायचा नाही. दुसरं म्हणजे जस्ताचा मुलामा तापला की त्याचा पांढरा धूर निघतो, तो छातीत जाऊ देऊ नये. आणि तिसरं, बुशजवळ ज्योत नेली तर रबर पेट घेतं, ते लवकर विझत नाही. ब्रेकचा होज आणि डिझेलची नळी कुठून जाते हे ज्योत पेटवण्याआधी हाताने चाचपून बघावं.

दांडी नळीत अडकली असेल तर घणाचा मोह फार होतो. पण रबराचं कामच हादरे खाणं आहे. बोल्टवर मारलेला घाव ते गिळून टाकतं आणि उरलेला ब्रॅकेटच्या कानांना बसतो. कान वाकले की पुढे कितीही आवळलं तरी चिमटी सरळ बसत नाही. मारायचंच असेल तर नट बोल्टच्या टोकाशी सपाट येईल इतका मागे लावावा, म्हणजे आटे फुगत नाहीत. पलीकडच्या कानाच्या मागे दुसरा जड घण टेकवून धरावा आणि अलीकडून दहा-बारा घाव घालावेत. एवढ्यात किंचितही हलला नाही, तर थांबावं.

इथेच मन घट्ट करावं लागतं. बोल्ट काही शे रुपयांना मिळतो. बुश त्याहून थोडा महाग. पण चासीला वेल्ड केलेला ब्रॅकेट एकदा वाकला किंवा फाटला की तो दुकानात मिळत नाही. तो सरळ करून वेल्ड केला तरी मागचा एक्सल पूर्वीच्या जागी बसेलच असं नाही. वाचवायचे ते ब्रॅकेटचे कान आणि चासीतला नट. बोल्ट आणि बुश द्यायचे. हे एकदा मान्य केलं की काम तासाभरात होतं. मान्य केलं नाही तर संध्याकाळी पाने फेकण्याची वेळ येते आणि बोल्ट शेवटी कापावाच लागतो, तोही वाकलेल्या कानांतून.

कापायची जागा एकच, नळीचं टोक आणि कान यांच्या मधली. तिथे फट जवळजवळ नसतेच. टॉमी (लोखंडी दांडा) घालून आर्म एका बाजूला दाबला की रबर थोडं देतं आणि दोन-तीन मिलिमीटरची वाट मिळते. 4 इंची ग्राइंडरला 1 मिलिमीटर जाडीची कटिंग चकती लावून कापता येतं, पण ग्राइंडरचं तोंड पुष्कळदा तिथे पोचत नाही. पुढे-मागे चालणारी पॉवर करवत असेल तर ती बरी, मात्र तिचं साधं पातं 10.9 ग्रेडच्या बोल्टवर दोन मिनिटांत बोथट होतं, कार्बाइडच्या दातांचं घ्यावं. वेग कमी, दाब जास्त आणि मधूनमधून तेलाचा थेंब. चकती किंवा पातं तिरकं जात असेल तर ते नळीकडे जाऊ द्यावं, कानाकडे कधीच नाही. दोन्ही बाजूंचे काप झाले की आर्म बुशसकट खाली येतो आणि कानांत बोल्टचे दोन तुकडे उरतात, ते पंचाने सहज पडतात. ठिणग्या उडतील त्या दिशेच्या होजवर आणि वायरिंगवर ओलं पोतं टाकावं, वाळूची बादली जवळ ठेवावी. चष्मा नसेल तर ग्राइंडर सुरूच करू नये, आणि चकतीवरचं संरक्षक कवच काढून काम करणाऱ्याला कुणीतरी वेळीच थांबवावं.

खाली काढलेला आर्म प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे न्यावा. जुना बुश काढण्याआधी त्याची दिशा रंगाने खुणावून ठेवावी, कारण काही बुशच्या रबरात एका दिशेला मुद्दाम पोकळी ठेवलेली असते आणि तो आडवा बसला की गाडीची चाल बदलते. नवा बुश दाबताना जोर बाहेरच्या कवचावरच हवा. आतल्या नळीवर दाबला तर रबर चिकटवलेल्या जागेतून सुटतं, आणि नवा बुश बसण्याआधीच मेलेला असतो.

पोकळीतला नट सुटलेला असेल तर काम जरा नाजूक. चासीच्या उभ्या बाजूला, नटाच्या समोर, वरच्या आणि खालच्या काठापासून शक्य तितक्या दूर, होल सॉने एक गोल खिडकी पाडावी, पाना आत जाईल एवढीच. काठांवर चासीचा सगळा ताण असतो, तिथे ड्रिलही लावू नये. काम झाल्यावर कडा घासून, रंग मारून, रबरी बूच बसवावं. नट पुन्हा वेल्ड करायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. बोल्ट आत तुटून आटे भोकातच राहिले असतील, तर तुटक्या टोकावर एक मोठा नट ठेवून मधून वेल्ड भरणं हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग. वेल्डची उष्णता गंज सोडवते आणि पाना लावायला डोकंही मिळतं. तुटका बोल्ट काढायला उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टरही मिळतो, पण तो आत तुटला तर इतका कडक असतो की साध्या ड्रिलने भोकही पडत नाही.

कुठलाही बोल्ट काढण्याआधी त्याच्यामागे किती जोर दडला आहे, हे गाडीप्रमाणे बदलतं. जिप्सीला चारही बाजूंना पाटे आहेत. 2010 च्या थारच्या CRDe मॉडेलला पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) आणि मागे पाटे, तर 2020 च्या थारला पुढे डबल विशबोन, मागे कॉइल आणि लिंक. पाट्याच्या डोळ्यातला (टोकाच्या वळवलेल्या कडीतला) बोल्ट काढताना चासी स्टँडवर आणि एक्सल जॅकवर घ्यावा, मग पाट्यावरचा ताण नाहीसा होईपर्यंत जॅक वर-खाली करून बोल्ट मोकळा झाल्याचं हाताला कळू द्यावं. टॉर्शन बारचा ॲडजस्टिंग बोल्ट आधी फेरे मोजत, खूण करत सैल करावा. तो फेऱ्यांचा आकडा कागदावर लिहावा, मनात ठेवू नये. कॉइल स्प्रिंगवरचा आर्म जॅकचा आधार न देता सोडला तर हात जातो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरू नये, मग काम दोन मिनिटांचं का असेना.

नवा बोल्ट घेताना जुन्याचे तुकडे खिशात घेऊनच जावं. जाडी आणि लांबी सगळेच बघतात. आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) आणि बिनआट्यांच्या दांडीची लांबी बघायची राहते. M12 बोल्ट 1.75, 1.5 आणि 1.25 अशा तिन्ही पिचमध्ये मिळतो, चुकीचा नट दोन फेरे हाताने जातो आणि मग पान्याने आटे कापत जातो. आटे कानाच्या भोकात येता कामा नयेत, तिथे गुळगुळीत दांडीच हवी. आटे आले तर ते कानसासारखं भोक कुरतडतात आणि बोल्ट नेमका तिथेच तुटतो. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 कोरलेलं असतं. पहिला आकडा तुटेपर्यंतच्या ताणाचा: 8 म्हणजे 800 मेगापास्कल, 10 म्हणजे 1000. दुसरा आकडा सांगतो, त्याच्या किती हिश्श्यावर बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो: .8 म्हणजे 80 टक्के. कंपनीने 10.9 दिला असेल तर 8.8 चालत नाही. डोक्यावर काहीच कोरलेलं नसेल तो बोल्ट फाटकाला लावावा. ‘स्टीलचा लावा, गंजणार नाही’ असं कुणी सांगेल. नेहमीच्या स्टेनलेसच्या A2-70 बोल्टची ताकद 700 मेगापास्कलची, शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस आवळलं की आटे एकमेकांना धरतात. सस्पेन्शनमध्ये ते नको. नट प्रत्येक वेळी नवा घ्यावा, नायलॉनची कडी असलेला असो की चिमटलेल्या तोंडाचा. आवळल्यावर दोन-तीन आटे बाहेर दिसायला हवेत.

बसवताना नळीच्या आत आणि बोल्टच्या दांडीवर अँटीसीझ (जाम होऊ न देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवावा. पातळ म्हणजे रंग दिसावा, थर दिसू नये. मुद्दा पाण्याला जागा न ठेवण्याचा आहे. आटे मात्र कोरडे ठेवावेत. कंपनीचा टॉर्क (आवळण्याच्या जोराचा आकडा) बहुधा कोरड्या किंवा कारखान्यातल्या आट्यांसाठी असतो, ग्रीस लावलेल्या आट्यांवर तोच आकडा मारला तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. साधं खनिज ग्रीस रबराला लागू देऊ नये, रबर फुगतं. नळीच्या टोकांवर आणि कानांच्या आतल्या बाजूला रंगाचा जाड थर नको. रंग दबतो, चिमटी सैल होते.

आता ती गोष्ट, जी चांगल्या गॅरेजमध्येही घाईत सुटते. गाडी वर टांगलेली, चाकं खाली लोंबतायत, अशा अवस्थेत नट पूर्ण आवळला तर नळी त्या लोंबत्या कोनात पकडली जाते. गाडी खाली आली, वजन पडलं की रबर कायमचं पिळलेलं राहतं. उभ्या गाडीतही ते विश्रांती घेत नाही. नवे बुश टाकूनही चाल टणक झाली आणि काही महिन्यांत रबराला चिरा पडल्या, तर कारण बहुतेक हेच असतं आणि दोष मात्र बुश बनवणाऱ्याला जातो. म्हणून सगळे नट आधी बेताने लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, चार-पाच मीटर पुढे-मागे करून एक-दोनदा दाबून हलवावी आणि मग आवळावं. गाडीखाली जागा नसेल तर चर असलेलं गॅरेज गाठावं. अखंड एक्सल असेल तर स्टँड चासीखाली न लावता एक्सलखाली लावावेत, म्हणजे वजन स्प्रिंगवरच राहतं. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर ही अट इतकी कडक नाही, कारण तिथे नळी खरोखरच बुशमध्ये फिरते. पण त्यांना त्यांचं ग्रीस वेळच्या वेळी लागतं, नाहीतर ते दर खड्ड्याला करकरतात.

टॉर्क त्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्यावा. अंदाज म्हणून सांगायचं तर मोठ्या पिचच्या M12 ला 8.8 मध्ये साधारण 80 न्यूटन-मीटर आणि 10.9 मध्ये 115 ते 120. जुन्या पुस्तकांत किलो-मीटर असतं, 10 किलो-मीटर म्हणजे 98 न्यूटन-मीटर. ‘हाताचा अंदाज आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रींचा अंदाज खरोखर चांगला असू शकतो, पण सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात एक नसतो. ज्या बोल्टला डोक्याशी मध्याबाहेर भोक असलेला वायसर असतो, त्याने चाकाचा कोन ठरतो. त्याची जागा काढण्याआधी छिन्नीने खुणावायची आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यायची. पाट्यांचे यू-बोल्ट हातासरशी उघडले असतील, तर तेही नवेच टाकावेत.

शेवटी नटापासून ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासावा आणि पुढे प्रत्येक फेरीनंतर फक्त ती रेघ बघावी. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, खंडेनवमीला पाने पुजायला बाहेर काढतोच आपण, त्याच आठवड्यात एक-एक बोल्ट काढावा, पुसावा, ग्रीस लावून परत बसवावा. एका वेळी एकच काढायचा, म्हणजे एक्सल जागचा हलत नाही. ज्या बोल्टची रेघ तुटलेली दिसेल, त्याला नुसतं आवळून पुढे जाऊ नये. तो पूर्ण काढून भोक तपासावं. भोक लंबगोल झालं असेल तर नवा बोल्टही तिथे टिकणार नाही. आधी कान दुरुस्त करून घ्यावा, मग गाडी यवतेश्वरच्या घाटात न्यावी.